घर कुणाला विचारून बांधलं?

(सामुदायिक रेडिओवरचं भाषण)



आज आपण घराविषयी बोलू. सध्या गावोगाव घरकुलांची कामं निघाली आहेत. कुणाचं जोतं आखून झालंय, कुणाच्या भिंती खिडकीपर्यंत आल्यात, कुणी पहिल्या हप्त्याची वाट बघतंय. ज्यांचं नाव यादीत नाही, त्यांच्यातल्या काहीजणी गटाचं कर्ज काढून जुन्या घराला एक खोली जोडताहेत. आणि बहुतेकींच्या मनात चित्र एकच असतं. सिमेंटच्या सरळ भिंती आणि वर सपाट स्लॅब. ‘पक्कं घर’ म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं.

हे चित्र आपल्या गावात तयार झालेलं नाही. साधारण शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या काही वास्तुरचनाकारांनी, म्हणजे आपण ज्यांना आर्किटेक्ट म्हणतो त्यांनी, ते मांडलं. त्यांचं स्वप्न मोठं होतं आणि चांगल्या मनाने पाहिलेलं होतं. पण ते विटा-सिमेंटात उतरलं तेव्हा कुठे गळायला लागलं, कुठे अपुरं पडलं. ते स्वप्न काय होतं आणि कुठे अडलं, हे आज आम्ही सांगणार आहोत. आपलं घर बांधताना ते उपयोगी पडेल, कारण आपल्यासारख्यांच्या आयुष्यात घर एकदाच होतं. साडी पसंत पडली नाही तर बदलून आणता येते, जोतं एकदा भरलं की भरलं.

आधी स्वप्नाविषयी.

त्या काळी युरोपातल्या मोठ्या शहरांत कामगारांची घरं कशी होती? एका खोलीत अख्खं कुटुंब, कधी वर एखादा भाडोत्री. खिडकी असली तर ती बोळात उघडायची. भिंतींना ओल, आत धूर, अंधार. क्षयरोग घराघरात होता. त्यात १९१४ ते १९१८ असं पहिलं महायुद्ध झालं. ते संपलं तेव्हा घरांची मोठी टंचाई होती आणि सरकारांकडे पैसा कमी होता.

अशा वेळी काही तरुण वास्तुरचनाकार पुढे आले. ते म्हणाले, श्रीमंतांच्या वाड्यांवर नक्षी कोरण्यात आपली विद्या फार खर्च झाली. आता साध्या माणसाचं घर बांधू. ऊन, वारा, स्वच्छ पाणी आणि संडास हे सगळ्यांच्या वाट्याला आलं पाहिजे. कारखान्यात मोटारी एकसारख्या आणि स्वस्त तयार होतात, तशी घरंही का होऊ नयेत? या विचाराने जी घरं उभी राहिली, त्यांना आधुनिक वास्तुकला म्हणतात.

त्यांच्या हाताशी एक नवं साधन होतं, ते म्हणजे लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट. त्याने काय बदललं ते समजून घेऊ. जुन्या दगडी किंवा मातीच्या घरात छपराचं ओझं बहुधा भिंतीवर असतं. म्हणून भिंत हात-दीड हात जाड, आणि खिडकी लहान. मोठी खिडकी पाडली तर भिंत कमजोर होते. सळयांच्या काँक्रीटमध्ये ओझं खांब आणि तुळया पेलतात, भिंत नुसती आडोशाला उरते. मग भिंत पातळ चालते, खिडकी हवी तेवढी लांब घेता येते आणि वर सपाट छत टाकता येतं. आज आपल्या गावातला गवंडी कॉलम, बीम, स्लॅब असं म्हणतो, ते हेच.

म्हणजे उजेड आला, हवा आली, धूर आणि ओल गेली. एवढं श्रेय त्या मंडळींना द्यायलाच हवं. आपल्या आज्यांनी अंधाऱ्या माजघरात चुलीपुढे डोळे चोळत जन्म काढला, त्याची आठवण ठेवली तर खिडकीची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता ते स्वप्न प्रत्यक्षात कसं उतरलं, याच्या तीन गोष्टी ऐका.

पहिली गोष्ट फ्रान्समधली. पॅरिसजवळ प्वासी नावाचं गाव आहे. तिथे साव्वा नावाच्या श्रीमंत कुटुंबाने सुट्टीत राहण्यासाठी एक घर बांधून घेतलं. काम १९२८ ते १९३१ या काळात झालं. ते करणारा ल कॉर्बुझिए हा आधुनिक वास्तुकलेतला सगळ्यांत गाजलेला माणूस. त्याचा चुलतभाऊ प्येर जानरे त्याच्या बरोबरीने काम करायचा. ल कॉर्बुझिए घराची तुलना यंत्राशी करायचा. यंत्रात जसा फालतू भाग नसतो, तसा घरातही नसावा, असं त्याचं म्हणणं.

घर दिसायला फार सुंदर झालं. पांढरं शुभ्र, बारीक खांबांवर उभं, चारी बाजूंना लांबच लांब खिडक्या. कौलं नाहीत, उतार नाही, वर सपाट गच्ची आणि गच्चीत बाग. आणि हे घर पहिल्यापासून गळायला लागलं.

घरधनीण युजेनी साव्वा हिने वास्तुरचनाकाराला पत्रांवर पत्रं लिहिली. ती पत्रं पुढे उजेडात आली. दिवाणखान्याच्या वाटेवर पाणी गळतंय, वर जायच्या उतरणीवर गळतंय, गाडीघराची भिंत भिजून गेलीय, न्हाणीघरात पाणी साचतंय, वरच्या काचेवर पावसाचा आवाज इतका होतो की झोप लागत नाही, अशी तिची तक्रार होती. १९३७ साली तर तिने हे घर राहण्याजोगं करून द्या, असं स्पष्ट बजावलं. मग महायुद्ध आलं, १९४० मध्ये ते कुटुंब घर सोडून गेलं आणि पुन्हा तिथे राहायला आलं नाही.

आता गळत का होतं? पावसाळ्यात पोटमाळ्यावर घमेली आणि पातेली मांडणाऱ्या प्रत्येकीला हे कळेल. काँक्रीट उन्हात किंचित फुगतं, थंडीत किंचित आकसतं. वर्षानुवर्षं असं झालं की केसासारख्या बारीक भेगा पडतात. उतरत्या छपरावर पाणी थांबतच नाही. सपाट छतावर ते साचतं आणि साचलेलं पाणी बरोबर भेग शोधून काढतं. शिवाय छपराला बाहेर आलेली वळचण नसली तर पावसाचं पाणी थेट भिंतीवरून ओघळतं. आज त्यावर पुष्कळ उपाय निघालेत. त्या वेळी ते पक्के झालेले नव्हते.

युजेनीबाईंकडे पैसा होता, दुसरं घर होतं. त्यांना सोडून जाता आलं. ते घर आज सरकारने जपून ठेवलंय. २०१६ साली ल कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या सतरा कामांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं, त्यात तेही आहे. जगभरातून लोक बघायला येतात. बघायला येणाऱ्याला संध्याकाळी परत जायचं असतं, राहणारीला पावसाळा काढायचा असतो. हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट जर्मनीतली, आणि ती थेट स्वयंपाकघरातली आहे.

फ्रँकफुर्ट शहराच्या नगरपालिकेने १९२५ नंतर कामगारांसाठी आणि साध्या नोकरदारांसाठी हजारो घरं बांधायला घेतली. त्या कामाचा प्रमुख होता अर्न्स्ट माय. त्याने व्हिएन्नाहून एका तरुण वास्तुरचनाकार बाईला बोलावलं. तिचं नाव मार्गारेटे लिहोत्स्की, पुढे लग्नानंतर शुट्टे-लिहोत्स्की. ज्या काळात बायकांना हे शिक्षण मिळणंच दुर्मीळ होतं, त्या काळात ती ते शिकली होती. पुढे हिटलरच्या राजवटीविरुद्ध काम केलं म्हणून तिने १९४१ ते १९४५ अशी चार वर्षं तुरुंगात काढली. जन्म १८९७ चा, मृत्यू २००० साली. असं लांब आणि ताठ मानेचं आयुष्य ती जगली.

१९२६ साली तिने त्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. तिचा विचार असा होता. कारखान्यात कामगाराची पावलं वाया जाऊ नयेत म्हणून घड्याळ लावून अभ्यास होतो. मग घरात दिवसभर राबणाऱ्या बाईची पावलं कुणी मोजायची? अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक नावाच्या बाईने यावर आधी लिहिलं होतं, ते तिने वाचलं. आगगाडीच्या डब्यात केवढ्याशा जागेत शंभर माणसांचा स्वयंपाक होतो, तेही तिने पाहिलं. आणि सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब एवढ्या जागेत तिने सगळं बसवलं.

खिडकीशी कापण्या-चिरण्याचा ओटा, उजेड थेट हातावर पडेल असा. समोर बसून काम करायला फिरतं स्टूल. ओट्यालाच कचरा ढकलायची सोय. भिंतीतून खाली येणारी इस्त्रीची फळी. धुतलेल्या ताटल्या निथळायला जाळी. पीठ ठेवायला ओक लाकडाचा डबा, कारण त्यात अळी होत नाही. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी ॲल्युमिनियमचे ओढायचे डबे, त्यांना पुढे चोच आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं. कपाटांना निळसर रंग, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असा त्या वेळी समज होता. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये सरकतं दार, म्हणजे काम करता करता मुलांवर नजर राहावी. असली सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. आज शहरातल्या मॉड्युलर किचनचं मूळ शोधत गेलं की आपण तिथेच पोचतो.

बाईच्या कामाला काम समजून कुणीतरी त्याचा एवढा बारीक विचार केला, याचं मोल मोठं आहे. पण राहायला आलेल्या बायकांना काय अनुभव आला?

एक तर त्यात एकच माणूस मावायचं. आधीच्या कामगार घरांत स्वयंपाकघर म्हणजे घरातली सगळ्यांत उबदार जागा होती. शेगडीभोवती सगळे बसायचे, तिथेच जेवायचे, मुलं तिथेच अभ्यास करायची. नव्या घरात बाई एकटी पडली. लेकीला हाताशी घ्यायचं तर ती उभी कुठे राहणार? शेजारीण आली तर बसणार कुठे? नवऱ्याने मदत करायची म्हटली तरी जागा नाही. काही कुटुंबांनी त्या चिंचोळ्या जागेतही जेवणाचं टेबल कसंबसं घुसवायचा प्रयत्न केला. नावं कोरलेल्या डब्यांचंही तसंच. ज्या डब्यावर तांदूळ लिहिलंय त्यात तांदूळच ठेवायचा, असं प्रत्येक घरात कुठे असतं? कुणी त्यात दुसरंच काही ठेवलं. आणि खालचे डबे लहान पोरांच्या हाताला बरोबर येत, ते मजेत उपसत बसत.

आणखी एक गोष्ट पैशांची. त्या वसाहतींपैकी एकीत सगळा स्वयंपाक विजेवर होता. वीज महाग, घरांची भाडीही पुष्कळ कामगारांच्या आवाक्याबाहेर. ज्यांच्यासाठी घरं काढली, त्यांतल्या अनेकांना ती परवडली नाहीत.

शुट्टे-लिहोत्स्की बाईंनी म्हातारपणी मोकळेपणाने सांगितलं होतं की, ते स्वयंपाकघर आखलं तोवर त्यांनी स्वतः कधी घर चालवलेलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता. त्या हुशार होत्या, कष्टाळू होत्या, बाईमाणसाची कळकळ होती. तरीही अनुभवाची एक बाजू राहिली. त्यांनी पावलं मोजली. पण बाई स्वयंपाक करताना कुणाशी बोलते, कुणाला शिकवते, कुणाला मांडीवर घेते, हे घड्याळात दिसत नव्हतं.

तिसरी गोष्ट आपल्याच देशातली, चंडीगडची.

१९४७ साली फाळणी झाली आणि पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. भारतातल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. पंडित नेहरूंच्या पाठिंब्याने नवं शहर बांधायचं ठरलं आणि १९५१ साली ते काम त्याच ल कॉर्बुझिएकडे आलं. मोठ्या सरकारी इमारती त्याने केल्या. तो वर्षातून थोडे दिवस येऊन जायचा. नोकरदारांची घरं मुख्यतः तिघांनी केली, इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे जोडपं आणि प्येर जानरे. हा जानरे म्हणजे प्वासीच्या गळक्या घरात भागीदार असलेला तोच चुलतभाऊ. तो मात्र चंडीगडला येऊन राहिला, १९६५ पर्यंत. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षाही तिथल्या सुखना तलावात सोडली.

या घरांत चांगलं काय झालं ते पाहा. मंत्र्यापासून शिपायापर्यंत घरांचे तेरा प्रकार ठरवले होते. सगळ्यांत लहान घरातही स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि मागे-पुढे अंगण होतं. त्या काळच्या शिपायाच्या कुटुंबाला ही केवढी गोष्ट! घरं मुख्यतः तिथल्याच भाजलेल्या विटांची बांधली. उन्हाच्या बाजूला भिंतीत विटांची जाळी ठेवली, म्हणजे वारा येतो आणि ऊन अडतं. उन्हाळ्यात लोक अंगणात आणि गच्चीवर झोपतात, हेही त्यात धरलं होतं. म्हणजे युरोपातलं स्वप्न इथल्या हवेप्रमाणे थोडं वाकवलं. जिथे वाकवलं तिथे ते टिकलं. जिथे उघड्या काँक्रीटच्या मोठ्या भिंती दिवसभर तापत राहिल्या, तिथे रात्री आतल्या माणसाला त्याची धग सोसावी लागली.

पण एक मोठी उणीव राहिली. हे शहर बांधलं कुणी? त्या काळचे फोटो पाहिले तर बांधकामावर डोक्यावर घमेलं घेऊन काँक्रीट वाहणाऱ्या बायका दिसतात. त्या मजूर बायकांना, त्यांच्या नवऱ्यांना आणि मुलांना राहण्यासाठी त्या सुंदर आराखड्यात जागाच धरलेली नव्हती. त्यांनी शहराच्या कडेला झोपड्या घातल्या आणि त्या वस्त्या वाढत गेल्या. तेरा प्रकारची घरं होती. त्यांत या मजुरांसाठी एकही नव्हता.

मैत्रिणींनो, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. सिमेंट वाईट नाही, सपाट छतही वाईट नाही. आपल्याकडे सपाट छत होतंच की! मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदाची घरं आहेत. लाकडाच्या तुळया, वर मातीचा जाड थर. कमी पावसाच्या मुलखात ती उत्तम. उन्हाळ्यात आत गारवा, आणि वर धान्य वाळवायला, वाळवणं घालायला जागा. पण दर वर्षी पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकून ती चोपायची, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोकणात धो धो पाऊस, म्हणून तिथे उतरतं कौलारू छप्पर, आणि दर वर्षी घर शाकारणं ठरलेलं. ही घरं काही देवाने दिलेली नव्हती. राहणाऱ्या माणसांनी चुकत-माकत, पावसाळ्यामागून पावसाळा बघत ती सुधारत नेली होती. आधुनिक घरं कागदावर काढून एकदम हजारांनी बांधली गेली. मध्ये राहणारीला विचारायची पायरी राहून गेली. आणि दर वर्षी डागडुजी कोण करणार, त्याचा खर्च कुठून येणार, हेही पुरेसं धरलं गेलं नाही.

आता आपल्या घरकुलाकडे येऊ. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरवले गेले. घर कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली. शौचालयाचे पैसे आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. आणि या योजनेतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही. शिवाय विधवा, एकट्या किंवा अविवाहित व्यक्ती सोडल्या तर घर नवरा-बायको दोघांच्या नावे किंवा बाईच्या नावे मंजूर होतं.

म्हणजे फ्रँकफुर्टच्या बाईला जे मिळालं नव्हतं ते आपल्याला मिळालंय. आराखडा आपल्या हातात आहे. तरी होतं काय? जोतं आखताना घरचा पुरुष आणि गवंडी बोलतात, बाई चहा ठेवायला जाते. चहा जरूर द्या, पण कप हातात देऊन तिथेच उभ्या राहा. आणि जोतं भरायच्या आधी हे सात प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न. आपल्याकडे पाऊस कुठल्या बाजूने झोडपतो? बहुतेक ठिकाणी पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. त्या बाजूच्या खिडकीवर छज्जा चांगला बाहेर आलेला हवा. युजेनीबाईंची भिंत आठवा.

दुसरा प्रश्न. स्लॅबला उतार कुठल्या बाजूला आणि पाणी जायचा पाइप कुठे? ‘सपाट’ स्लॅब खरा सपाट नसावा. बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठे न साचता पाइपाकडे गेलं पाहिजे. स्लॅब पडल्यावर वर मातीची आळी करून किमान दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस पाणी भरून ठेवायचं. पाणी भरायचं काम बहुधा आपल्याकडेच येतं, त्यात कसूर नको. घराचं आयुष्य त्या दिवसांत ठरतं. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा करायला पैसे उरतील का, हे आधीच बघा.

तिसरा प्रश्न. उन्हाळ्यात आत किती तापेल? समोरासमोर दोन खिडक्या असल्या तर वारा आरपार जातो. स्लॅबवर दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला पांढरा चुना मारला तरी फरक पडतो. केरळात काम केलेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर स्लॅबच्या खालच्या थरात सळयांच्या मध्ये जुनी मंगलोरी कौलं बसवायचे. त्याने काँक्रीट वाचतं आणि उष्णताही कमी येते. हे करायचं असेल तर गवंड्याने आधी केलेलं असावं आणि अभियंत्याला विचारलेलं असावं. नुसतं ऐकून करू नका.

चौथा प्रश्न. ओटा किती उंच? ताठ उभ्या राहा, कोपर वाकवा, कोपराच्या चार बोटं खाली ओट्याची कडा यायला हवी. गवंड्याच्या सवयीची उंची आपल्या कमरेला मानवेलच असं नाही. भाकरी खाली बसून थापायची सवय असेल तर तेवढी मोकळी जमीन आणि जवळ खिडकी ठेवा. घरात दोघींना एकदम उभं राहता येईल एवढी जागा मागा. सून आणि सासू, किंवा आई आणि मुलगाही. मुलगे स्वयंपाकघरात यायला हवे असतील तर त्यांना उभं राहायला जागा नको का?

पाचवा प्रश्न. चूल कुठे? गॅस असला तरी पाणी तापवायला, मोठ्या स्वयंपाकाला चूल लागतेच. ती घरात ठेवली तर पांढऱ्या भिंती आणि आपली फुप्फुसं दोन्ही काळी होतात. मागे पडवीसारखा आडोसा काढता येतो का, ते बघा.

सहावा प्रश्न. धान्य, सरपण, शेळी, शिलाई मशीन यांची जागा कुठे? बाहेरच्या माणसाच्या आराखड्यात ही नावं नसतात. आपल्या घरात मात्र ती रोज असतात.

सातवा प्रश्न. घर पुढे वाढवायचं झालं तर कुठल्या बाजूने? आणि दर वर्षी डागडुजीला पैसे कुठून आणायचे? माळवदाला दर वर्षी माती लागायची, तसं स्लॅबलाही लक्ष लागतं. गटात जशी बचत टाकता, तशी महिन्याला थोडी रक्कम घराच्या नावाने बाजूला टाका. भेग बोटाएवढी झाल्यावर खर्च मोठा येतो.

हे प्रश्न विचारले म्हणून गवंडी रागावेल, घरचे म्हणतील हिला काय कळतंय. शांतपणे सांगा, दिवसातले सगळ्यांत जास्त तास या घरात मी काढणार आहे. जगातल्या नावाजलेल्या वास्तुरचनाकारांच्या घरांतही राहणारीचं ऐकलं नाही म्हणून खोट राहिली, आपलं तर २६९ चौरस फुटांचं घर आहे. त्यात चूक पचवायला जागाच नाही.

एक सोपा उपाय सांगतो. येत्या गटाच्या बैठकीत, जिचं घरकुल मंजूर झालंय तिच्या जागेवर सगळ्याजणी जमा. रांगोळीने किंवा फक्कीने घराचा आराखडा जमिनीवर खराखुरा, पूर्ण मापाचा काढा. मग त्यात चालून बघा. दारातून आत या, ओट्यापाशी उभ्या राहा, खाट टाकून बघा, पाहुणे आले असं समजून बसा, रात्री उठून मोरीकडे जायची वाट बघा. जे कागदावर कळत नाही ते पायाला लगेच कळतं. रांगोळी पुसायला पैसे लागत नाहीत, भिंत पाडायला लागतात.

हे करून पाहिलंत तर काय बदल सुचले, ते आम्हाला पत्राने किंवा रेडिओ केंद्रावर येऊन जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भाषणात तुमचे अनुभव आम्ही सगळ्यांपर्यंत पोचवू.